जुनी गाडी घेताय? नावावर होईपर्यंत व्यवहार झाला असं समजू नका

बोनेटला हार घातला, पेढे वाटले की लोकांना वाटतं गाडी आपली झाली. पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी कार्डावर, ज्याचं नाव तोच मालक, कायदा बाकी काही बघत नाही. २०१८ ला सुप्रीम कोर्टात अशीच केस होती, गाडी पुढे दोन-तीन जणांच्या हातात गेलेली पण आरसीवर पहिल्याचंच नाव, मग अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडली. हे विकणाऱ्याला आवर्जून सांगा, सह्यांसाठी मागे लागावं लागणार नाही.

बयाणा द्यायच्या आधी एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघा, इन्शुरन्स, पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) कधीपर्यंत आहे ते दिसतं. पेंडिंग चलानं पण बघून घ्या आणि ती विकणाऱ्यालाच भरायला लावा, नंतर कोण कोणाचे पैसे भरतो! आरसीवर बँकेचं नाव असेल तर नुसतं "लोन फेडलंय हो" यावर जायचं नाही, बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पाहिजे, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही.

मुख्य कागद दोनच, फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०. २९ म्हणजे विकणारा आरटीओला कळवतो की गाडी विकली, त्याला राज्यातल्या राज्यात १४ दिवस असतात, ३० मध्ये तुम्ही अर्ज करता, तुम्हाला ३० दिवस. सोबत आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो. चेसिस प्रिंट पण लागते, म्हणजे चेसिसवर कोरलेल्या नंबरवर कागद धरून वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. आधी तिथली धूळ-ग्रीस फडक्याने नीट पुसा नाहीतर ३ चा ८ दिसतो.

अर्ज परिवहनच्या साइटवर भरायचा, फी तिथेच. ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाईलवर जातो आणि कितीतरी प्रकरणं इथेच अडतात, कारण गाडी घेताना दिलेलं सिम कधीच बंद झालेलं असतं. म्हणून पूर्ण पैसे द्यायच्या आधी, तो समोर बसलेला असतानाच अर्ज भरून टाका. एजंटकडे दिलं तरी अर्जाचा नंबर स्वतःकडे ठेवा, "होऊन जाईल साहेब" ही काही पावती नाही.

गाडी ताब्यात घेताना एक साधा कागद करा, तारीख आणि वेळ टाकून दोघांच्या सह्या. सकाळी त्याने सिग्नल तोडला आणि संध्याकाळी गाडी तुम्ही घेतली तर भांडण नको.

महाराष्ट्रातलीच गाडी असेल तर नंबर तोच राहतो, एमएच-१२ ची गाडी कोल्हापुरात गेली तरी एमएच-१२ च. गोव्याची किंवा दिल्लीची स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारणाऱ्यांनी मात्र आधी हिशोब करावा, तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणायचा, इथे परत रोड टॅक्स भरायचा, मग नवा एमएच नंबर. माझं विचाराल तर नीट आकडेमोड केली की त्यातली निम्मी स्वस्ताई उडून जाते.

इन्शुरन्स लोक हमखास विसरतात. तोही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान झालं की कंपनी म्हणणार पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर आहे. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे थोडे पैसे वर भरावे लागतात. फास्टॅग त्याने बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा.

नवीन आरसी कार्ड पोस्टाने घरी येतं. आलं की लगेच नावाचं स्पेलिंग, चेसिस नंबर, इंजिन नंबर ताडून बघा आणि बँकेचं नाव गेलंय ना तेही बघा.