स्पॅनिशचे दोन भूतकाळ: 'गेलो' आणि 'जायचो'

स्पॅनिशच्या भूतकाळापाशी आपण अडखळतो, कारण तो इंग्रजीच्या वाटेने शिकायला जातो. 'गेलो' आणि 'जायचो' यांतला फरक मराठीत शेंबड्या पोरालाही कळतो. तिथूनच सुरुवात करा.

आधी 'जायचो'वाला काळ घ्या, इम्परफेक्तो. पुस्तकं बहुधा हा नंतर देतात, पण सोपा हाच. 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्यातला 'आर' काढून 'आबा' जोडा, क्रमाने मी, तू, तो, आम्ही, ते: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबान. शेवटी 'एर' किंवा 'इर' असेल तर 'ईआ': कोमेर (खाणे), कोमीआ. नियम मोडणारी क्रियापदं फक्त 3: सेर (असणे), इर (जाणे), बेर (पाहणे), त्यांची रूपं एरा, इबा, बेईआ. 'बोलायचो' आणि 'बोलत होतो' या दोन्हींना रूप एकच.

मग 'गेलो'वाला, इन्देफिनिदो. आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लारोन. ही रूपं मोठ्याने म्हणा, कारण सगळी मदार जोरावर आहे. 'आब्लो'तल्या 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. लिहिताना या दुसऱ्या 'ओ'च्या डोक्यावर तिरकी रेघ येते. ती विसरलात की काळही बदलला आणि माणूसही.

या काळात आडमुठी क्रियापदं बरीच. तेनेर (जवळ असणे), त्याचं तूबे; एस्तार (एखाद्या ठिकाणी किंवा स्थितीत असणे), त्याचं एस्तूबे; पोदेर (शकणे), त्याचं पूदे. इथे घोकंपट्टीच, रोज दोन पुरे. सेर आणि इर या दोघांचंही 'फुई' होतं, ते संदर्भाने ओळखायचं.

आता दोन्ही काळ एका वाक्यात आणा. 'योबीआ क्वान्दो साली': पाऊस पडत होता तेव्हा मी निघालो. चालू असलेलं पहिल्यात, घडून गेलेलं दुसऱ्यात. पण 'तिथे तीन वर्षं राहिलो' म्हणताना मुदत संपलेली आहे, म्हणून इन्देफिनिदो: बीबी.

आपली एक खोड मात्र सोडावी लागते. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. स्पॅनिशमध्ये तिन्हींना 'कोमी'च. क्रियापद कर्त्याकडे बघतं, कर्माकडे नाही. आणि 'गेलो', 'गेले' असा भेदही नाही. बाई म्हणो की पुरुष, 'फुई'च.

'साबेर'ची (माहीत असणे) गंमत शेवटी राखून ठेवली होती. साबीआ म्हणजे 'मला माहीत होतं', सूपे म्हणजे 'मला कळलं'. क्रियापद तेच, काळ बदलला की मराठीत शब्दच बदलतो.