गवती चहा आणि आल्याचं दूध: रात्रीच्या या चुका टाळा

संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे चहा पावडरीचा डबा उघडत नाही. अंगातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण 5 तास लागतात. सातला घेतलेल्या चहातलं निम्मं रात्री बारालाही शिल्लक असतं.

म्हणून पहिली चूक तीच: गवती चहात 'रंग यावा' म्हणून चिमूटभर पावडर टाकणं. ग्रीन टी आणि कोकोमध्येही कॅफिन असतं, तेही सकाळीच बरे.

गवती चहा बेचव का होतो? आपण तो खळखळून उकळत ठेवतो. त्याचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो, त्यामुळे घर घमघमतं आणि कपात नुसतं हिरवं पाणी उरतं. दोन-तीन पाती बोटांभोवती गुंडाळून गाठ मारा. पाणी उकळलं की ती गाठ टाका, गॅस बंद करा आणि झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांनी झाकण उचलताना आतल्या बाजूचे थेंब भांड्यातच निथळू द्या, वास त्यांच्यातही असतो. पात सुकलेली असेल तर मात्र मिनिटभर उकळू द्यावी.

आल्याचं दूध फाटलं की आपण दूधवाल्याला बोल लावतो. बहुतेकदा दोष क्रमाचा असतो. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. चीनच्या ग्वांगडोंगमध्ये तर याच गुणावर गरम दूध खरवसासारखं थिजवतात. आलं ठेचून आधी पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा म्हणजे त्याचा जोर जातो, मग दूध घाला. गूळ घालायचा तर गॅस बंद करून, दूध थोडं निवल्यावर. गूळ आंबूस असेल तर एवढं करूनही फाटतं, तेव्हा साखर बरी.

हळदीच्या दुधाला कच्चट वास येत असेल तर कपाला पाव चमचा हळद थेंबभर तुपात मंद आचेवर क्षणभर परतून घ्या, मग दूध ओता. जायफळ सहाणेवर दोन वेढे, बस्स. जास्त जायफळ बाधतं, मळमळतं.

ज्येष्ठमधाचा काढा चवीला छान, पण रोज घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

आणि मोठा मग नको. लहान कपभर, झोपण्याच्या तासभर आधी घ्या, म्हणजे लघवीसाठी मध्यरात्री उठावं लागत नाही.