प्रार्थनेत एका माणसाचं नाव घ्या

'प्रभू, सगळ्या आशीर्वादांसाठी तुझे आभार' हे वाक्य घरच्या प्रार्थनेत इतकं सरावाचं होतं की म्हणणाऱ्याचंही अर्धं लक्ष ताटातल्या रश्श्याकडे असतं. त्याऐवजी जेवायला बसल्यावर प्रत्येकाने समोरच्या एकाच माणसाचं नाव घ्यावं आणि आजचीच एक गोष्ट सांगावी. 'आईने शाळेच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावलं, त्याबद्दल आभार.' जितकं बारीक तितकं बरं. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, पत्र लिहिलं ते कैदेतून, पण त्यात आनंद पुन्हा पुन्हा येतो, आणि सुरुवातीलाच तो त्या माणसांच्या आठवणीने देवाचे आभार मानतो.

मुलं आधी एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसतील. हसू द्या.

भांडणाच्या दिवशी मात्र जबरदस्ती नको. ओढूनताणून मानलेले आभार पोरांना लगेच कळतात. त्या दिवशी आधी तक्रार मांडू द्या. बायबलमधल्या स्तोत्र 13 ची सुरुवातही 'हे कुठवर?' अशा गाऱ्हाण्यानेच होते, गाणं येतं ते अगदी शेवटी.

होस्टेलवरच्या मुलीचं नाव घेतलंत, तर जेवण झाल्यावर तिला दोन ओळींचा मेसेजही टाका.