सौर पेटीत वरण-भात

सौर पेटी म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर अन्न शिजवणारा, काचेच्या झाकणाचा आणि आरसा लावलेला पेटीसारखा कुकर. ही पेटी सकाळी साडेनऊला गच्चीवर रिकामीच उन्हात ठेवा. तासाभरात आतला काळा पत्रा चांगला तापतो. आरशाचा कोन असा लावा की उजेडाचा चौकोन नेमका काचेवर पडेल, भिंतीवर सांडणार नाही.

तूरडाळ अर्धा तास भिजवून एका वाटीला अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग घाला. भाताला मात्र दोनच वाट्या पाणी. वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे जास्त घातलं की हमखास गिचका होतो. मीठ डाळ शिजल्यावरच. डबे बाहेरून काळे हवेत आणि अर्धेच भरावेत; चकचकीत स्टीलचा डबा ऊन परतवतो.

कडक उन्हात भात दीड-दोन तासांत, डाळ अडीच तासांत होते. दर अर्ध्या तासाने पेटी सूर्याकडे वळवा, पण झाकण उघडून बघू नका. एकदा उघडलं की पंधरा-वीस मिनिटं गेलीच.

झाकणाच्या दोन काचांच्या मध्ये दव साचतंय? कडेचं रबर सैल झालंय, ते बदला. पोळी आणि फोडणी इथे होत नाही. फोडणी गॅसवर करून वरून ओता. डबे काढताना सांडशी घ्याच.