मुलांकडून कुंडी रंगवून घ्यायची, तर गेरूनेच

तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी सहा इंची मातीची कुंडी बरी. त्याहून मोठी त्यांना फिरवता येत नाही, आणि प्लॅस्टिकवर रंग धरत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात घेणार असाल तर टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे किंवा कच्ची राहिली आहे.

ऑइलपेंट नको. वास आणि टर्पेंटाइनची कटकट आहेच, पण खरी अडचण वेगळी. मातीची कुंडी पाझरते. पाणी घातलं की ओल भिंतीतून बाहेर यायला बघते, वर रंगाचा जाड थर असला की त्याला फोड येतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात. गेरूतून ओल जाऊ शकते. तुळशी वृंदावनाला तो उगाच लावत नाहीत.

आदल्या दिवशी कुंडी नारळाच्या काथ्याने धुऊन उन्हात ठेवा. गेरूची पूड दोन मोठे चमचे, पाणी अर्धी वाटी, फेव्हिकॉल एक छोटा चमचा. कालवून जुन्या ओढणीतून गाळून घ्या, नाहीतर खडे राहतात आणि ब्रशच्या रेघा उमटतात. फेव्हिकॉल अजिबात नसेल तर गेरू हाताला लागतो, फार झाला तर पुन्हा तीच फोडांची गत. एक इंची ब्रशने दोन हात द्या, मध्ये तासभर ऊन. हे काम मूल आनंदाने करतं. फक्त खाली रद्दी पसरा आणि जुने कपडे घाला, गेरूचे डाग जात नाहीत.

नक्षीसाठी पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग, थेट बाटलीतला, पाणी न घालता. चुना मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. ब्रशपेक्षा भेंडी चांगली. देठापासून दोन बोटं खाली आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार, आणि देठ धरायला मूठ. कापलेली बाजू फडक्याने दाबून पुसा. चिकट राहिली तर रंग घसरतो आणि फुलाऐवजी गोळा उमटतो. हा ठसा फसण्याचं कारण जवळपास दर वेळी हेच असतं. रंग बशीत न ओतता ओल्या स्पंजच्या तुकड्यावर घ्या, म्हणजे ठशाला बेताचाच लागतो. बटाट्याचा मोठा ठसा गोल कुंडीवर फक्त मध्येच टेकतो, म्हणून तो इथे कामाचा नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना वारली माणसं जमतात: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर ठिपका, हातपाय कानकाडीने. तीन वर्षांच्यांना अंगठ्याचे ठसे द्या, मुंग्या आणि चिमण्या त्यातूनच होतात. रेघ वाकडी गेली तर मोठ्यांनी पुसायला जाऊ नये.

हे सगळं दसऱ्यानंतर करा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात कुंडी वाळतच नाही. पावसाच्या माऱ्यात गेरू थोडाफार उतरणारच. दिवाळीआधी नवा हात द्यायचा. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने बाहेरून पांढरे क्षार फुटतात, ते कोरड्या ब्रशने झाडले की बहुतेक जातात.

पोराला लगेच काहीतरी उगवलेलं बघायचं असतं, त्यासाठी अळीव. कुंडीवर डोळे-तोंड काढा आणि माती काठापर्यंत भरा. दोन छोटे चमचे अळीव पाव वाटी पाण्यात अर्धा तास भिजवले की बुळबुळीत होतात. दिवाळीच्या किल्ल्याच्या उतारावर ते ह्याच चिकटपणामुळे टिकतात. ओल्या मातीवर पातळ पसरा. ढीग झाला तर बुरशी धरते आणि कुजका वास येतो. पाणी झारीने नको, बिया एका बाजूला वाहून जातात आणि टक्कल पडतं. स्प्रेच्या बाटलीने दिवसातून दोनदा. कबुतरं असतील तर पहिले दोन दिवस वर चाळणी पालथी घाला. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, आठवड्यात केस कात्रीने कापण्याइतके होतात. कापल्यावर पुन्हा नीट वाढत नाहीत, माती उकरून नवे पेरा.

दगडांवर मेथी, कोथिंबीर लिहून वाफ्यात पाट्या लावायच्या असतील तर गुळगुळीत दगड भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा आणि अ‍ॅक्रिलिकच वापरा. पोस्टर कलर पहिल्याच पाण्याला ओघळतो.