थंडीत हौदातल्या माशांना काय घालायचं?

नाशिक-निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १०च्या खाली उतरला की अंगणातल्या हौदातले गोल्डफिश तळाशी जाऊन गप्प बसतात. आपण घाबरून जास्त खाणं टाकतो आणि तिथेच घोळ होतो. गार पाण्यात त्यांना ते पचत नाही, उरलेले दाणे कुजतात, पाण्याला वास मारतो.

उपाय सुतळीचा आहे. माशांच्या दुकानात मिळणारा साधा थर्मामीटर सुतळीला बांधून हातभर खोल सोडा आणि रोज सकाळी बघा. हवेतल्या आकड्यावर जाऊ नका, हौदाचं पाणी सावकाश गार होतं.

१. पाणी १५ अंशांच्या खाली गेलं तर दिवसाआड चिमूटभर खाणं, तेही दुपारी ऊन आल्यावर.
२. १०च्या खाली गेलं तर खाणं बंद. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर सहज काढतात.
३. गप्पींना मात्र १८च्या खालची थंडी सोसत नाही. ते बादलीत काढून घरात घ्या.
४. शेजारी बदामाचं झाड असेल तर हौदावर जुनी मच्छरदाणी ताणून बांधा. लाल होऊन गळालेली पानं रोज सकाळी जाळीने उपसत बसण्यापेक्षा हे बरं.

आणि ऊब यावी म्हणून बंबातलं पाणी ओतू नका. आमच्याकडे एका हौशी पाहुण्यांनी तांब्याभर ओतलं होतं. थंडीला टिकलेले दोन मासे त्या मायेने गेले.