युद्धात कामी आलेल्या बेने इस्रायली सैनिकाची आठवण कशी जागवावी

कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरांत पलटणीची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावोगाव 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्यातली कितीतरी मुलं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात शिरली आणि सुभेदार-मेजरपर्यंत चढली. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) १७९६ साली उभारणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, म्हणजेच समाजी हसाजी, हेही कंपनीच्या फौजेतलेच. टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. १९७१ च्या युद्धामुळे कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले जनरल जेकब सगळ्यांना ठाऊक आहेत. पण परमुलखात तापानं गेलेला एखादा सब-असिस्टंट सर्जन किंवा समुद्रात बुडालेला खलाशी कोणाच्या ध्यानात आहे? १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. त्यामुळे ही आठवण जागवण्याचं काम आता नातेवाइकांइतकंच अलिबाग, पेण, रोहा, पनवेल, पुण्याच्या शेजाऱ्यांचंही आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. सुरुवात कार्यक्रमानं करू नका. पुष्पचक्र, भाषण, फलक हे सगळं नंतर. आधी त्या माणसाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, पलटण आणि मृत्यूची तारीख बरोबर लावा. ज्यू प्रार्थनेत मृताचं नाव बापाच्या नावासकट घेतात. ते चुकलं तर पुढचं सगळं भलत्याच माणसाच्या नावानं होतं.

पायरी १ : घरातली पेटी उघडा

जुनी पदकं असतील तर ती उजेडात धरून कडेवर पाहा. पहिल्या महायुद्धाच्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी बारीक अक्षरांत ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याला दिलेल्या पदकांवरही बहुधा नाव सापडतं. पदक चिंच लावून घासू नका, पॉलिशही नको. वर्षानुवर्षं घासल्यानं आधी जातात ती हीच अक्षरं. ब्रिटिश युद्धपदक चांदीचं नसून काशाचं असेल, तर तो माणूस लढाऊ तुकडीत नसून मजूर किंवा तत्सम दलात असावा, असा अंदाज बांधता येतो.

तळहातापेक्षा मोठी, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची चकती मिळाली तर ती जपाच. ब्रिटानिया आणि सिंह कोरलेली ही चकती पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवली जाई. तिच्यावर नाव असतं, पण हुद्दा मुद्दामच नसतो, कारण मेलेल्यांत लहानमोठा करायचा नाही असं ठरलं होतं. भंगारात अशा चकत्या वितळल्या गेल्या आहेत, याचं वाईट वाटतं.

पत्रं, पेन्शनचे कागद, लग्नाचा केतुबा (विवाहाचा करारनामा), पाठीमागे काहीतरी खरडलेले फोटो या सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून घ्या. फोटोची मागची बाजू विसरू नका.

पायरी २ : कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत शोधा

१९१७ साली स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी राखते. तिच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरतात. या काळात नोकरीवर असताना मृत्यू आला, तर तो गोळीनं आला की कॉलऱ्यानं, हे पाहत नाहीत. १९१८ च्या इन्फ्लुएंझात छावणीच्या इस्पितळात मरण पावलेला कारकूनही त्यात बसतो. घरच्यांना हे सहसा माहीत नसतं. 'आमचे आजोबा लढाईत नाही, आजारानं गेले' म्हणून ते शोधतच नाहीत.

खरी कसोटी आहे ती नावाची. सैन्याच्या कागदांत बेने इस्रायली माणूस तीन-चार तऱ्हांनी सापडू शकतो. कधी गावावरून आडनाव असतं : पेणकर, रोहेकर, नवगावकर, पेझारकर, किहीमकर. कधी आडनाव गळून नुसतं स्वतःचं आणि बापाचं नाव उरतं : मोझेस डॅनियल, रूबेन सॉलोमन. आणि जुन्या नोंदींत घरगुती मराठी रूपं येतात : अब्राहामचा अबाजी, आयझॅकचा इसाजी, सॅम्युएलचा समाजी, मोझेसचा मुसाजी. सगळी रूपं एकेक करून टाकून पाहा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'कर'ची दोन-तीन रूपं होतात, तीही सोडू नका.

नावानं काही लागलं नाही तर उलट बाजूनं जा. शोधाच्या तपशीलवार पानावर 'भारतीय सैन्य' निवडा आणि जादा माहितीच्या रकान्यात गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव घाला. इथे जुनी नावं लागतात : रायगड नव्हे कुलाबा, पुणे नव्हे पूना, मुरूड-श्रीवर्धनसाठी जंजिरा. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा' असं बरेचदा लिहिलेलं असतं. बापाचं नाव मिळण्याची ती सर्वांत चांगली जागा.

केवळ पायदळात शोधून थांबू नका. १९ व्या शतकाच्या अखेरीस जातवार कंपन्या करण्याची पद्धत आली आणि एवढ्याशा समाजाला पलटणीत वेगळी जागा उरली नाही. पुढच्या पिढ्या वैद्यकीय खातं, पुरवठा आणि वाहतूक, ऑर्डनन्स, नौदल, विमानदल यांकडे वळल्या.

पायरी ३ : हा आपलाच माणूस का, याची खात्री करा

दिवेकर, दांडेकर, कोलटकर ही आडनावं हिंदू घरांतही आहेत. डेव्हिड आणि सॅम्युएल ख्रिस्ती घरांत. म्हणून नुसतं आडनाव किंवा नुसतं पाळण्यातलं नाव पुरावा नव्हे. नाव, बापाचं नाव, गाव आणि तुकडी या चारांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय कुठेही जाहीर करू नका. शंका असेल तर त्या गावच्या सिनेगॉगच्या जुन्या वह्या आणि कबरस्तानातले शिलालेख पाहा. कोकणातल्या बेने इस्रायली कबरींवर हिब्रूच्या जोडीला मराठीही कोरलेली असते, त्यामुळे वाचायला अडचण येत नाही. भावाची किंवा बापाची कबर सापडली तरी नाव पक्कं होतं.

पायरी ४ : कबर की भिंतीवरचं नाव, ते समजून घ्या

नोंदीत दफनभूमीचं नाव आणि प्लॉट, रांग, कबर असे तीन भाग दिसले तर कबर आहे. नुसता पॅनेल किंवा स्तंभ क्रमांक असेल तर देह सापडला नाही किंवा कबर टिकली नाही. नाव स्मारकावर आहे. ब्रह्मदेशात कामी आलेल्यांसाठी यांगूनजवळच्या तौक्क्यान इथलं रंगून स्मारक, मलाया-सिंगापूरसाठी क्रांजी, फ्रान्ससाठी नव्ह-शापेल, मेसोपोटेमियासाठी (आजचा इराक) बसरा.

पुण्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या दीड हजारांहून अधिक कबरी आहेत. तिथल्याच स्मारकावर पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेल्या, पण कबरींची निगा राखणं शक्य नसलेल्यांची नावं आहेत. जाताना नोंदीचा छापील कागद न्या. ज्यू सैनिकाच्या दगडावर सहा टोकांचा तारा असतो, आणि अनेक दगडांवर पाच हिब्रू अक्षरंही : 'त्याचा प्राण जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो' या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या वचनाची ती आद्याक्षरं. फोटो सकाळी किंवा दुपार कलल्यावर, उजेड बाजूनं पडत असताना काढा, कोरीव अक्षरं उठून दिसतात. दगडाला खडू, ब्रश, लिंबू काही लावू नका.

ज्यू सैनिकाच्या कबरीवर चुकून दुसऱ्या धर्माचं चिन्ह असेल तर ते बदलून घेता येतं. अमेरिकी युद्ध दफनभूमींत क्रूसाखाली पुरलेल्या ज्यू सैनिकांचा शोध घेऊन तिथे तारा बसवण्याचं काम 'ऑपरेशन बेंजामिन' ही संस्था करते. कमिशनकडेही कागदपत्रं जोडून अर्ज करता येतो.

पायरी ५ : नाव कुठेच नसेल तर

निराश होऊ नका, कारण दोष तुमच्या शोधाचा नसेलही. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीयांपैकी अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. बाकी शिपाई पलटणीच्या नावाखाली आकड्यात गेले. २०२१ साली कमिशननं स्वतःच अहवाल काढून कबूल केलं, की पहिल्या महायुद्धातले किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० मृत नावानं किंवा अजिबातच स्मरले गेले नाहीत. त्यात आफ्रिकी आणि इजिप्शियन बहुसंख्य, पण भारतीयही आहेत. हा अन्याय होता आणि आजही तो दुरुस्त होऊ शकतो. नोकरीचा पुरावा आणि वर दिलेल्या काळातल्या मृत्यूचा पुरावा जोडून नाव घालण्याची विनंती करा. नोकरी सुटल्यावर मृत्यू आला असेल, तर तो नोकरीतल्याच जखमेनं किंवा आजारानं आला हे दाखवावं लागतं. उत्तराला वेळ लागतो. प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा, मूळ पदक किंवा पत्र टपालानं कुठेही पाठवू नका.

१९४७ नंतरच्या भारतीय सैनिकांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक पाहा. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालेल्या या स्मारकातल्या त्यागचक्राच्या भिंतींवर प्रत्येकाचं नाव वेगळ्या विटेवर आहे. इस्रायलच्या सैन्यात कामी आलेल्या मराठी मुलांची माहिती तिथल्या संरक्षण खात्याच्या 'यिझकोर' संकेतस्थळावर मिळते. प्रत्येकाचं स्वतंत्र पान आहे.

पायरी ६ : हिब्रू तारीख काढा

पुण्यतिथी हिब्रू पंचांगानं पाळतात. ऑनलाइन परिवर्तक सहज मिळतात, पण एक प्रश्न ते हमखास विचारतात : सूर्यास्तापूर्वी की नंतर? हिब्रू दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे रात्री आलेला मृत्यू पुढच्या तारखेत जातो. उदाहरण घ्या. मेसोपोटेमियातलं कुत-अल-अमारा २९ एप्रिल १९१६ ला शत्रूच्या हाती पडलं. त्या दिवशी दिवसाउजेडी मेलेल्याची तिथी निसान महिन्याची २६. ती २०२५ मध्ये २४ एप्रिलला आली, २०२६ मध्ये १३ एप्रिलला. अदार महिन्यातला मृत्यू असेल तर लीप वर्षात दोन अदार येतात, तेव्हा कोणता धरायचा हे हझानला, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यालाच विचारा. निसानमध्ये शोकाच्या काही प्रार्थना म्हणत नाहीत, तेही त्यांनाच विचारून ठरवा. मृत्यूची तारीखच कळत नसेल तर तेवेत महिन्याची १० तारीख धरता येते. इस्रायलच्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) अशा मृतांच्या कद्दीशसाठी, म्हणजे मृतासाठी म्हणायच्या प्रार्थनेसाठी, तो दिवस ठरवून दिला आहे.

पायरी ७ : प्रार्थना आणि भेट

आदल्या संध्याकाळी घरी दिवा लावायचा, तो दुसऱ्या दिवसाच्या सूर्यास्तापर्यंत तेवता ठेवायचा. कद्दीश म्हणायला मिनियान लागतं, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. आज कोकणातल्या अनेक गावांत दहा जण जमणं अवघड आहे. म्हणून मुंबई, ठाणे, पुणे, पनवेलच्या सिनेगॉगशी काही आठवडे आधी बोलून ठेवा. बेने इस्रायली सेफार्दी (ज्यू प्रार्थनेची एक परंपरा) पद्धतीनं चालतात, तेव्हा मृताच्या शांतीची हशकाबा ही प्रार्थना हझान म्हणतील. त्यांना नाव लिहून द्या : अमुक बेन अमुक, म्हणजे बापाच्या नावासह. तुम्ही ज्यू नसाल तरी हे नाव नेऊन देण्याचं काम तुम्ही जरूर करू शकता.

कबरीवर फुलांऐवजी लहानसा दगड ठेवतात. शब्बाथच्या दिवशी आणि सणांना कबरस्तानात जात नाहीत, त्यामुळे शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार टाळा. कोहेन, म्हणजे परंपरेनं पुरोहितांच्या, घराण्यातले पुरुष कबरस्तानात शिरत नाहीत. ते बाहेर थांबले तर त्यात काही गैर समजू नका. आत डोकं झाकलेलं असावं, बाहेर पडताना हात धुवावेत.

पायरी ८ : एका पानाची नोंद करून तीन ठिकाणी ठेवा

नाव मराठी, हिब्रू आणि इंग्रजीत, बापाचं नाव, गाव, तुकडी, सैनिक क्रमांक, दोन्ही पंचांगांतली मृत्यूची तारीख, कबरीची किंवा पॅनेलची जागा, आणि हे कुठल्या कागदावरून कळलं ते. हयात नातेवाइकांचे पत्ते-फोन त्यात घालू नका आणि फोटो छापण्याआधी त्यांना विचारा. एक प्रत सिनेगॉगला, एक इस्रायलमधल्या कुटुंबाला, एक गावच्या वाचनालयाला. सैनिक ब्रिटिश फौजेत होता आणि तुम्ही लंडनकडे राहत असाल, तर ज्यू माजी सैनिकांच्या एजेक्स या संघटनेलाही एक प्रत द्या. दर नोव्हेंबरात, ब्रिटनच्या मुख्य स्मरण रविवारानंतरच्या रविवारी, लंडनच्या सेनोटाफ या युद्धस्मारकापाशी त्यांचं संचलन असतं.